खिशातला वाद्यवृंद आणि आवाजाचा लगाम

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला भोके पाडून बसवलेली चार फिरती बटणे. आत नखाएवढ्या एक-दोन चिप, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि बाजूला इअरफोनची पिन खुपसायला एक छिद्र. बटण फिरवले की डबा कधी घोगरा गुरगुरतो, कधी चिमणीसारखा चिवचिवतो, तर कधी चक्क ठेका धरतो. दिसायला खेळणे, पण हे वाद्य आहे. अशी वाद्ये घरी बनवणारे, ती पिशवीत टाकून सोबत नेणारे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसांना दाखवणारे लोक आज जगभर आहेत.

ही मंडळी एकत्र आली की काय होते? टेबलावर प्रत्येकाचा संच मांडला जातो. कोणते यंत्र कुठून मिळाले, कोणती वायर कशात जाते, सेल किती तास पुरतात, सगळे कोणत्या पिशवीत मावते, याची चर्चा रंगते. सर्किटची आकृती मोकळ्या मनाने दिली जाते. ‘ऐक जरा’ म्हणून इअरफोन पुढे केला जातो. छंदातली ही देवाणघेवाण लोभस आहे. मात्र डॉक्टर म्हणून या यादीकडे पाहिले की एक ओळ नेहमी गाळलेली दिसते. या वाद्याचा आवाज जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो आणि तो अडवण्यासाठी आत काय बसवले आहे, हे कोणी सांगत नाही. आजचा लेख त्या गाळलेल्या ओळीविषयी आहे.

आकृती वाटण्याची जुनी रीत

घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा इतिहास हा वाटून घेण्याचाच इतिहास आहे. हाताचा स्पर्श न करता वाजणारे थेरेमिन हे वाद्य रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यांनी 1920 च्या सुमारास शोधले. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मूग हा तरुण 1950 च्या दशकात थेरेमिन बनवून विकू लागला आणि नंतर घरी जोडता येतील असे त्याचे संचही देऊ लागला. ज्या मूग सिंथेसायझरने पुढे संगीताचे रूप बदलले, त्याची मुळे या हौशी कारागिरीत आहेत.

1970 च्या दशकाच्या आरंभी 555 नावाची एक स्वस्त चिप बाजारात आली. हान्स कॅमेनझिंड यांनी ती मूळ वेळ मोजण्याच्या कामासाठी तयार केली होती. पण ठरावीक काळाने चालू-बंद होणारा विजेचा प्रवाह स्पीकरला जोडला की त्याचा सूर होतो. फॉरेस्ट मिम्स या लेखकाने 1980 च्या सुमारास अशा दोन टायमरपासून बनणाऱ्या एका ध्वनियंत्राची साधी आकृती प्रसिद्ध केली. ‘अटारी पंक कन्सोल’ या नावाने ती आजही नवशिक्याचा पहिला धडा असते. रीड गझाला या अमेरिकन कलावंताने तर 1960 च्या दशकात टेबलाच्या खणात शॉर्टसर्किट झालेल्या एका खेळण्यातल्या ॲम्प्लिफायरमधून अनपेक्षित आवाज ऐकले आणि त्यातून जुन्या खेळण्यांच्या सर्किटमध्ये फेरफार करून वाद्ये बनवण्याची एक शाखाच उभी राहिली.

मग वाद्य खिशात आले. निन्तेन्दोचा गेम बॉय 1989 साली आला तो मुलांच्या खेळासाठी. त्यातल्या चार आवाजांच्या चिपवर संगीत रचता यावे म्हणून हौशी प्रोग्रामरांनी 1998 मध्ये नॅनोलूप आणि 2000 मध्ये एलएसडीजे ही साधने तयार केली. कॉर्ग कंपनीने 2010 मध्ये तळहातावर मावणारे मोनोट्रॉन आणले आणि त्याची सर्किट आकृतीही खुली केली. 2015 मध्ये स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंगने पॉकेट ऑपरेटर आणले. कॅलक्युलेटरएवढ्या उघड्या सर्किटवरची ही वाद्ये दोन बारीक सेलवर चालतात आणि साध्या वायरने एकमेकांशी ताल जुळवतात. फ्रान्समधल्या एमिली जिले यांनी आपल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या यंत्रांच्या आकृत्या आणि प्रोग्राम सर्वांसाठी खुले ठेवले. त्यावरून कितीतरी लोकांनी घरी यंत्रे बांधली.

आपल्यालाही हे जग परके नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. पण दोन-अडीच दशकांनी पाश्चात्त्य रसिकांना ती काळाच्या पुढची वाटली. शिवाय रियाजाच्या खोलीत कोपऱ्यात मंद झंकारणारा इलेक्ट्रॉनिक तंबोरा हेही सहज उचलून नेण्याजोगे इलेक्ट्रॉनिक वाद्यच. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या परिसरात चिप आणि रेझिस्टर विकत घेणाऱ्या गर्दीत प्रोजेक्टवाल्या विद्यार्थ्यांबरोबर एखादा असा वाद्यवेडाही असतो.

छंद औषधासारखा

आधी चांगले सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. बारीक डाख देताना हात आणि डोळा एकत्र काम करतात. चुकलेले सर्किट शोधताना डोके तासन्‌तास एका जागी राहते. शेवटी यंत्रातून पहिला आवाज निघतो तेव्हा होणारा आनंद पडद्यावर बोट सरकवून मिळत नाही. त्यात तो कोणाला तरी ऐकवायचा असतो, म्हणून माणूस घराबाहेर पडतो. निवृत्त झालेले गृहस्थ आणि अकरावीतला मुलगा एका टेबलावर बसून बोलू शकतील असे विषय आपल्याकडे किती आहेत?

छंद आणि मनःस्वास्थ्य यांच्या नात्यावर 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 16 देशांतील 65 वर्षे आणि त्यापुढच्या 93 हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा त्यात आढावा होता. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. छंदामुळेच हे घडते असे अशा पाहणीतून ठामपणे सिद्ध होत नाही. बरे वाटणारी माणसेच छंद जोपासतात असेही असू शकते. तरी एखाद्या रुग्णाने ‘डॉक्टर, मी हे करू का?’ विचारले तर माझे उत्तर ‘जरूर करा’ असेच असेल. या लेखाचा हेतू कोणाच्या हातातला डबा काढून घेण्याचा नाही.

दुकानातल्या यंत्राला लगाम असतो

आता गाळलेल्या ओळीकडे येऊ. तुमच्या मोबाईलवर इअरफोन लावून आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर फोन विचारतो, यापुढचा आवाज कानाला अपायकारक ठरू शकतो, वाढवायचा का? हा प्रश्न आपोआप येत नाही. त्यामागे नियम आणि मानके आहेत. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना सुरुवातीची मर्यादा साधारण 85 डेसिबलची ठेवावी लागते, ती ओलांडताना इशारा द्यावा लागतो आणि कमाल मर्यादा 100 डेसिबलच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून 2018 मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानकही तयार केले. म्हणजे कारखान्यातल्या यंत्राला कोणीतरी लगाम घालून ठेवलेला असतो. आपल्याला तो दिसत नाही, एवढेच.

घरी बनवलेल्या डब्यात हा लगाम नसतो. तो घालणारा अभियंता, तपासणारी प्रयोगशाळा, अडवणारा नियम, यांपैकी कोणीही तिथे नाही. बनवणाराच सर्व काही. एक साधे गणित पाहू. नेहमीच्या अनेक इअरफोनना एक मिलिवॉट एवढी अत्यल्प वीज दिली तरी कानाशी साधारण 100 डेसिबलचा आवाज होतो. शक्ती दहापट केली की आवाज दहा डेसिबलने वाढतो. हौशी लोकांची लाडकी एलएम 386 ही ॲम्प्लिफायर चिप छोट्या स्पीकरला तीनशेहून अधिक मिलिवॉट देऊ शकते. इअरफोनमध्ये तेवढी शक्ती जात नाही. पण 100 मिलिवॉट गेली तरी आवाज 120 डेसिबलवर पोहोचतो. नऊ व्होल्टची एक साधी बॅटरी आणि स्वस्तातली एक चिप यांच्या जोरावर कानाच्या आत जेट विमानाची गाज तयार करता येते, हे बनवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्याने ती चिप स्पीकरसाठी घेतलेली असते आणि इअरफोनचे छिद्र नंतर सोयीसाठी पाडलेले असते.

पारंपरिक वाद्यांत हा धोका मर्यादित असतो. पेटीचा आवाज वाढवायचा तर भाता जोरात मारावा लागतो, ढोल वाजवायचा तर खांदा दुखतो. शरीर स्वतःच आवाजाचा हिशेब ठेवते. इलेक्ट्रॉनिक वाद्यात मोठ्या आवाजासाठी बोटाच्या पेराएवढेच श्रम लागतात. शिवाय एखादी वायर सैल झाली, एखादे बटण शेवटपर्यंत फिरले, यंत्राचा आवाज पुन्हा त्याच्याच पोटात शिरला, की कसलीही सूचना न देता कर्कश किंकाळी निघते. मोठा आवाज आला की कानातले बारीक स्नायू आखडून आतल्या भागाला थोडे संरक्षण देतात. पण त्यांना सेकंदाचा लहानसा अंश लागतो आणि अचानक आलेला आवाज तोवर आत पोहोचलेला असतो. भरीस भर म्हणजे आपल्या कानाची नळी सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर मुळातच वाढवून आत पाठवते. सिंथेसायझरची शिट्टी बरेचदा याच पट्टीत असते.

कानाचा आठवड्याचा वाटा

अंतर्कर्णात शंखासारखा वळलेला कॉक्लिया नावाचा अवयव आहे. त्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे 15 हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी हे तंतू हलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. या पेशींपैकी साडेतीन हजारांच्या आसपास पेशी प्रत्यक्ष ऐकण्याचे मुख्य काम करतात. बाकीच्या आवाज टिपायला मदत करतात. त्वचा भरून येते, हाड जुळते. पण माणसाच्या कानातली मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. जन्माला येताना मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची असते.

ही पुंजी किती वेगाने खर्च होते, हे आवाज आणि वेळ या दोहोंवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तास ऐकणे साधारणपणे सुरक्षित. आवाज तीन डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. या हिशेबाने 90 डेसिबलला आठवड्याचे चार तास मिळतात आणि 100 डेसिबलला अवघी 20 मिनिटे. हेच गणित पुढे नेले तर 120 डेसिबलच्या किंकाळीत आठवड्याचा सारा वाटा दहा-बारा सेकंदांत संपतो. मुलांसाठी संघटना 75 डेसिबलची मर्यादा सुचवते. घरातल्या धाकट्याच्या कानाला दादाचा इअरफोन लावण्याआधी हा फरक आठवावा.

या छंदात वेळही बराच जातो. मनासारखा सूर सापडेपर्यंत माणूस तोच आवाज दोन-दोन तास ऐकतो. कान सरावतो, आवाज मंद वाटू लागतो आणि बटण नकळत पुढे सरकते. वाद्य पोर्टेबल असल्याने प्रवासातही वाजवले जाते. लोकलच्या डब्यातला किंवा एसटीतला गोंगाट आधीच मोठा असतो, त्यावर मात करायला इअरफोनचा आवाज आणखी चढवावा लागतो. म्हणजे ‘कुठेही नेता येते’ हा या वाद्याचा गुणच कानाच्या मुळावर येतो.

मोठ्या आवाजानंतर कान गच्च होतो, आत शिट्टी वाजते आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठीक वाटते. ‘तात्पुरते होते, गेले’ असे म्हणून आपण विसरतो. हा दिलासा किती खरा, याविषयी शारोन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये उंदरांवरचा एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आवाजानंतर उंदरांचे ऐकणे चाचणीत पूर्ववत झाले, केशपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे दुवे मोठ्या संख्येने कायमचे तुटले होते. माणसातही असेच आणि किती घडते, यावर संशोधन सुरू आहे. गर्दीत समोरच्याचे शब्द नीट न कळणे, पण चाचणी मात्र ठीक येणे, या तक्रारीचा काही उलगडा त्यात असू शकतो. ‘बरे झाले’ आणि ‘काहीच झाले नाही’ यांतला फरक मात्र या प्रयोगाने दाखवून दिला.

आमच्या ओपीडीत एकविशीतला, आयटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा आला होता. झोप लागत नाही, एवढीच तक्रार. विचारता विचारता कळले, की रात्री शांतता झाली की उजव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते. तीन आठवड्यांपूर्वी स्वतः बनवलेल्या वाद्याची वायर सुटून इअरफोनमध्ये जोरदार आवाज झाला होता. नाक-कान-घसा विभागात श्रवणचाचणी केली तेव्हा चार हजार हर्ट्झच्या जवळ आलेख खाली खचलेला दिसला. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. तपासणी संपल्यावर मी त्याला विचारले, ‘हे यंत्र तू एकट्यानेच बनवलेस का?’ तो म्हणाला, ‘नाही सर, माझ्या आकृतीवरून मित्रांनी अजून तीन बनवलीत.’ त्या क्षणी माझ्यासमोर एक रुग्ण होता आणि धोक्यात कान आठ होते. हा छंद वाटून वाढतो, तशी त्यातली त्रुटीही वाटून वाढते.

लगाम कसा घालायचा

उपाय अवघड नाहीत. यातले तांत्रिक भाग इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांना ठाऊक असतातच. फक्त ते आवश्यक मानले जात नाहीत.

नवे किंवा दुरुस्त केलेले सर्किट पहिल्यांदा कधीही कानात ऐकू नका. आधी छोट्या स्पीकरवर वाजवा, सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवून पाहा, वायरी हलवून पाहा. जे काही किंचाळायचे ते टेबलावर किंचाळू दे.

इअरफोनच्या छिद्राआधी कायमचा अडसर बसवा. उलटसुलट दिशेने जोडलेले दोन साधे सिलिकॉन डायोड 0.6 ते 0.7 व्होल्टच्या वरचा भाग छाटून टाकतात आणि त्यानंतर इअरफोनच्या मार्गात घातलेला काही शे ओहमचा रेझिस्टर उरलेली शक्ती आणखी कमी करतो. नेमके माप इअरफोननुसार बदलते, म्हणून ते जाणकाराकडून ठरवून घ्या. पण अडसर बटणावर अवलंबून नसावा. बटण चुकून फिरते, रेझिस्टर चुकून फिरत नाही.

जुळवून पाहा. त्याच इअरफोनवर मोबाईलवरचे साधे बोलणे, म्हणजे बातम्या किंवा मुलाखत, शांत खोलीत आरामात ऐकू येईल अशा आवाजात लावा. मग आपले वाद्य पूर्ण आवाजात, पण इअरफोन कानापासून दूर धरून सुरू करा आणि हळूहळू जवळ आणा. बोलण्यापेक्षा ते फारच मोठे वाटत असेल, तर अडसर अपुरा आहे. ही मोजमापाची शास्त्रीय पद्धत नव्हे, पण मोठा धोका हिच्यातून लपत नाही.

सुरू करण्याचा क्रम ठरवून घ्या. आधी आवाज शून्यावर, मग यंत्र चालू, मग इअरफोन कानात, मग आवाज हळूहळू वर. वायर काढण्या-घालण्याआधी इअरफोन कानातून बाहेर.

अनेकांनी मिळून ऐकायचे असेल तर प्रत्येकाला स्वतःचे आवाजाचे बटण हवे. एकाच तारेला दोन वेगळे इअरफोन लावले, तर एकाला मंद वाटणारा आवाज दुसऱ्याच्या कानात फार मोठा असू शकतो. कानाच्या आत जाणारे इअरफोन पुसल्याशिवाय एकमेकांचे वापरू नका. कान वाहत असेल तर मुळीच नको. तासाभराने दहा मिनिटे कानांना शांतता द्या.

बॅटरी, डाख आणि भिंतीतली वीज

आवाजाला जसा लगाम नसतो, तसा घरच्या यंत्रात विजेलाही नसतो. निकोलस कॉलिन्स या संगीतकाराचे हाताने बनवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरचे पुस्तक 2006 मध्ये आले. भिंतीतल्या विजेवर चालणारी उपकरणे उघडायची नाहीत आणि सेलवर चालणाऱ्या गोष्टींवरच हात चालवायचा, हा त्यातला अगदी सुरुवातीचा धडा आहे. आपल्याकडे घरातली वीज 230 व्होल्टची असते आणि ओल्या हाताच्या माणसाला चूक सुधारण्याची दुसरी संधी ती देईलच असे नाही. कानात इअरफोन असताना वाद्य स्वस्तातल्या, खात्री नसलेल्या चार्जरला जोडून ठेवू नका.

जुन्या लॅपटॉपमधले लिथियम सेल काढून वापरण्याची टूम आहे. अशा सुट्या सेलना अतिचार्ज आणि शॉर्टसर्किट रोखणारे संरक्षक सर्किट नसू शकते. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर असा सेल ठेवणे म्हणजे मांडीवर निखारा ठेवणे. फुगलेला किंवा दबलेला सेल वापरू नका, चार्जिंग डोळ्यांसमोर करा, गादीवर नको. लहान यंत्रांतले नाण्यासारखे चपटे सेल मुले गिळतात. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. संशय जरी आला तरी घरी वाट न पाहता रुग्णालय गाठा, उलटी करवू नका.

डाख देण्याच्या तारेत बहुधा कथलाबरोबर शिसे असते. लोकांना वाटते, धुरातून शिसे शरीरात जाते. डाखाच्या नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो धूर राळेचा असतो. राळेचा धूर डोळे चुरचुरवतो आणि काहींना दम्याचा त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि पंख्याने धूर तोंडापासून दूर जायला हवा. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. डाखकामाच्या टेबलावर चहा-वडापाव नको, काम संपले की साबणाने हात धुवा, तार दातांत धरू नका आणि तेच टेबल लहान मुलांच्या खेळण्यासाठी ठेवू नका. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही चांगली नाही.

डॉक्टरकडे केव्हा जावे

मोठ्या आवाजानंतर कान गच्च वाटला किंवा शिट्टी वाजली, तर त्या दिवशी इअरफोन बाजूला ठेवा. तेल कोमट करून कानात घालू नका, लसणीची पाकळी खुपसू नका. त्याने आतल्या पेशींना काही उपयोग होत नाही आणि पडद्याला इजा असेल तर नुकसान होते. दुसऱ्या दिवशीही शिट्टी राहिली, ऐकू कमी आले, कानातून रक्त किंवा पाणी आले, चक्कर आली, तर तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजा. त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उपयोगाची शक्यता जास्त असते. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या नाक-कान-घसा विभागांत श्रवणचाचणी होते. वेदना होत नाही, वेळही फार लागत नाही. नियमित इअरफोन वापरणाऱ्या हौशी वादकाने एकदा तरी ती करून आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

कानातल्या कायमच्या शिट्टीवर हमखास औषध नाही. समुपदेशन, झोपेची शिस्त, मंद पार्श्वध्वनी, गरज असल्यास श्रवणयंत्र, यांनी तिचा त्रास कमी करता येतो. तो आयटीआयचा मुलगा आता त्या शिट्टीसह झोपायला शिकला आहे. मित्रांच्या तिन्ही डब्यांत त्याने स्वतः अडसर बसवून दिला.

या छंदात लोक एकमेकांना आपापले सर्किट फुकट देतात, अडल्याला मदत करतात, नवशिक्याला हसत नाहीत. अशा मंडळींना सुरक्षेची सक्ती करायला कोणी निरीक्षक नको. त्यांच्या रिवाजातच ती बसते. आकृती देताना यंत्रांची, वायरींची आणि सेलची नावे लिहिता, त्याखाली आणखी दोन ओळी लिहा: इअरफोनचा अडसर कोणता आहे आणि संच कशावर चालतो. ‘ऐक जरा’ म्हणून इअरफोन पुढे करण्याआधी आवाज शून्यावर आणा आणि बटण समोरच्याच्या हातात द्या. तो स्वतःच्या कानाला सोसेल एवढाच वाढवेल.